सोडणाची गाठ

माझी आई ७४ वर्षांची आहे. लग्न होऊन या घरात आली त्याला ५३ वर्षं झाली. घराच्या पाणंदीतून खाली उतरलं की दोनशे पावलांवर आमच्या वाडीचं तळं. इतक्या वर्षांत ती त्या तळ्यात गुडघ्यापेक्षा खोल कधी गेली नव्हती.

तळ्याला ती परकी होती असं मुळीच नाही. कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव लहान, घरात माणसं भरपूर, आणि नळ आला तो माझ्या कॉलेजच्या वर्षात. तोवर गोधड्या, चादरी, बाळंतपणातले कपडे, सगळं तळ्यावर. तिसऱ्या पायरीवर एक काळा दगड आहे, त्यावर ती कपडे आपटायची. गणपती जवळ आले की पाट आणि समया घेऊन जायची. लावणीच्या दिवसांत चिखलाने भरलेले पाय धुवायला तिथेच थांबायची. गणपती पोचवायला सगळी वाडी तळ्यावर जमते. पुरुष मूर्ती घेऊन छातीएवढ्या पाण्यात जातात, आणि बायका आरतीचं ताट घेऊन पायरीवर उभ्या राहतात. आईही तशीच उभी राहायची, निऱ्या भिजू नयेत म्हणून एका हाताने वर धरून.

मे महिन्यात मात्र तळं मुलग्यांचं असायचं. पाण्यावर झुकलेला एक माड होता, त्याच्यावर चढून ते मुटका मारायचे. माझा भाऊ त्यांच्यात होता. मी काठावर त्याचे कपडे सांभाळत बसायचे. मला कुणी पाण्यात जाऊ नको म्हणून सांगितल्याचं आठवत नाही. सांगायची गरजच नव्हती. वाडीतली एकही मुलगी पोहत नव्हती, त्यामुळे आपल्याला पोहायचंय हे मनातसुद्धा आलं नाही. आता त्याचं मला फार वाईट वाटतं. एखादी गोष्ट नाकारली गेली तर माणूस निदान भांडतो तरी.

मी पोहायला शिकले ४६व्या वर्षी, ठाण्याच्या एका तरणतलावात, सकाळच्या महिलांच्या बॅचमध्ये. पहिले दहा दिवस कठडा सोडला नाही. तोंड पाण्यात घालून श्वास बाहेर सोडायचा, एवढ्या एका गोष्टीला मला तीन आठवडे लागले. आमच्या शिक्षिकेने एकदा सगळ्यांना कठड्यावर बसवून सांगितलं, की बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याला श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, आवाज कुठून काढणार? हात हलवून बोलावताही येत नाही, कारण हात पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, उभा आहे, खेळतोय. ते ऐकताना मला आमच्या तळ्याच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आल्या. शेवाळलेल्या त्या पायऱ्यांवर माझी आई, आजी, काकू वर्षानुवर्षं एकट्या वाकून कपडे धूत होत्या. पाय घसरला असता तर घरात कुणाला आवाजही आला नसता.

यंदा मे महिन्यात तुतारी एक्सप्रेसने कुडाळला उतरले तेव्हा पिशवीत पोहण्याचे कपडे, गॉगल आणि दोन जुने पंजाबी ड्रेस होते. ड्रेस आईसाठी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. भाचीने, म्हणजे भावाच्या ११ वर्षांच्या मुलीने, फोनवर हट्ट धरला होता, "आत्या, या वेळी मला शिकवायचंच." तिला शिकवायला आले आहे, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

तळ्याचं रूप गेल्या दोन-तीन वर्षांत बदललं आहे. ग्रामपंचायतीने बांधाच्या बाजूला जांभ्याच्या चिऱ्यांचे कट्टे बांधले, चालायची वाट केली, दोन झोपाळे आणि एक घसरगुंडी बसवली. संध्याकाळी शेजारच्या वाड्यांतूनही माणसं येतात. म्हातारे कट्ट्यावर बसतात, मुलं झोपाळ्यासाठी भांडतात. बायका वाटेवरून चार-चार फेऱ्या मारतात, आणि हे मला सगळ्यात जास्त आवडलं. कामाशिवाय तळ्यावर आलेल्या बायका मी लहानपणी पाहिल्या नव्हत्या. सगळे त्याला "गार्डन" म्हणतात. सावंतवाडीच्या मोती तलावाभोवती संध्याकाळी जशी वर्दळ असते तिचं हे आमच्या गावापुरतं छोटं रूप. पण तिथे काय नि इथे काय, पाणी बघायचं. उतरायचं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही धामापूरच्या तलावावर गेलो. भाचीला शाळेत त्या तलावाची माहिती सांगितली होती आणि तिला तिथेच पोहायचं होतं. नेरूरपारचा पूल ओलांडून गेलं की थोड्या वेळाने रस्ता दाट झाडीत शिरतो आणि मग अचानक ते पाणी समोर येतं. दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरावर रान, मधे हिरवट निळं, न हलणारं पाणी आणि काठाला भगवतीचं देऊळ. मी लहानपणापासून कितीतरी वेळा गेले असेन, पण दर वेळी त्या वळणावर बोलणं थांबतं. धनेशाची एक जोडी पंखांचा मोठा आवाज करत एका काठावरून दुसऱ्या काठावर गेली. आई तेवढ्यात म्हणाली, "किती वर्षांनी इलंय गो मी हय."

हा तलाव निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी बांधलेला आहे. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांच्या पुढाकाराने धामापूर आणि काळसे या दोन गावांच्या लोकांनी १५३० साली दोन डोंगरांमधल्या खिंडीत बांध घातला. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता, सिंधुदुर्ग किल्ला तर पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी उभा राहिला. बांध आजही पाणी धरून आहे आणि खालच्या शेती-बागायतीला ते पाणी जातं. २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून त्याची नोंद केली. त्या वर्षी भारतातल्या चार जागा निवडल्या गेल्या, त्यांतल्या तीन आंध्र प्रदेशातल्या आणि चौथं आपलं धामापूर.

बाहेरच्या माणसाला नवल वाटतं, की एवढ्या पावसाच्या मुलखात तलाव बांधायची गरज काय? सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण आपला जांभा दगड चाळणीसारखा, आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचं अंतर जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. नद्या धावत सुटतात आणि समुद्राला मिळतात. जांभ्याने प्यायलेलं पाणीही झऱ्यांवाटे उतरून जातं. श्रावणात ज्या अंगणात चिखल तुडवायचा, त्याच अंगणात वैशाखात हंडे रांगेत लागतात. म्हणून कोकणात जुन्या माणसांनी पाणी अडवलं, खणलं, देवळाशी तळी बांधली आणि त्यांना देवाचं नाव दिलं, की कुणी घाण करू नये.

देवळाजवळच्या पायऱ्यांशी भाची पायातल्या चपला काढून तयार झाली. मी आधी गुरवकाकांना विचारायला गेले. गोड्या पाण्याच्या बाबतीत मी हा नियम पाळते. आधी तिथल्या माणसाला विचारायचं. चिपळूणच्या वाशिष्ठीत, महाडच्या सावित्रीत मगरी आहेत हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि पर्यटकाला नसतं. तळ कसा आहे, वेली कुठे आहेत, गेल्या वर्षी कुठे काय झालं, हे तिथला माणूसच सांगतो.

गुरवकाकांनी भाचीकडे पाहिलं, मग आईकडे.

"तुका येता पेवूक?"

"येतं काका."

"तां बरा. पण पायऱ्यांच्या फुडे एकदम खोल आसा. चेडवाक आणि आवशीक घेवन हय उतरा नको."

भाचीचा चेहरा पडला. मला मात्र त्या माणसाचा आधार वाटला. आम्ही पायऱ्यांवर बसलो, पाय पाण्यात सोडून. वरचं पाणी उन्हाने कोमट होतं आणि घोट्याच्या खाली थंड. बारके मासे पायांना टोचायला लागले तशी भाची हसायला लागली आणि तिचा राग गेला.

धामापूरच्या देवीची गोष्ट आईने तिला तिथेच सांगितली. आमच्याकडे ती सगळ्यांना माहीत आहे. गरिबाच्या घरी लग्न निघालं की देवीची प्रार्थना करून फुलांचे दागिने परडीत ठेवायचे आणि परडी तलावात सोडायची. थोड्या वेळाने ती खरे सोन्याचे दागिने घेऊन वर यायची. लग्न पार पडलं की दागिने परत पाण्यात सोडायचे. एकाने ते परत केले नाहीत आणि तेव्हापासून परडी वर येणं बंद झालं. भाचीने विचारलं, "मग कुणी आत बुडी मारून बघितलं नाही, की दागिने कुठे आहेत?"

आई म्हणाली, "बायल माणसां काठारच रवत. कोण बुडी मारतला?"

हे ती अगदी सहज बोलली, पण मी तो धागा सोडला नाही. रात्री जेवणं झाल्यावर खळ्यात बसलो होतो. भाची झोपली होती. मी विचारलं, "आई, तुला लहानपणी पाण्यात जावंसं वाटायचं नाही?"

ती बराच वेळ सुपारी कातरत राहिली. मग तिने तिच्या काकूची गोष्ट सांगितली. मी ती कधीच ऐकली नव्हती. आई सात वर्षांची असताना तिच्या माहेरच्या घरातल्या एका काकूने बाव जवळ केली, म्हणजे विहिरीत जीव दिला. कारण काय ते मुलांना कधी कळलं नाही. सकाळी पाणी काढायला गेलेल्या गड्याला दिसलं. त्यानंतर बावीवर लाकडी फळ्या टाकल्या गेल्या, आणि घरातल्या मुलींना बाव, तळं, व्हाळ सगळं बंद. मुलग्यांना नाही. मुलगे उलट मुद्दाम पोहायला शिकवले गेले, की पाण्याची भीती राहू नये. मुलींच्या बाबतीत घरच्यांना पाण्याची भीती नव्हतीच, मुलींची होती.

"आयेक वाटायचा, पाण्यार गेला काय चेडवाचा मन फिरात." आई म्हणाली. आये म्हणजे माझी पणजी.

मराठीत बाईच्या आणि पाण्याच्या संबंधाने किती म्हणी-वाक्प्रचार आहेत आणि त्यांतले किती मरणाचे. "विहीर जवळ केली", "पाण्याने ओढून नेली". बाईने पाण्यात जायचं ते काम करायला किंवा जीव द्यायला, तिसरं कारणच भाषेत नाही. मला त्या रात्री झोप लागेना. दोन पिढ्यांपूर्वी एका बाईला घरात असह्य झालं, आणि त्याची शिक्षा म्हणून माझी आई ५३ वर्षं दोनशे पावलांवरच्या पाण्यात उतरली नाही, मी माझं अख्खं लहानपण कपडे सांभाळत बसले. त्या काकूला पोहता येत असतं तर? माहीत नाही. पण तिला कुणी बोलायला असतं तर, हे मला नक्की वाटतं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आम्ही आमच्या तळ्यावर गेलो. भाऊ बरोबर होता, त्याला मी काठावर दोर घेऊन बसवलं. आमच्या तळ्याला बांधाच्या बाजूला खोली आहे, पण देवळाच्या बाजूचा तळ हळूहळू उतरत जातो आणि मे महिन्यात तिथे मोठ्या माणसाच्या छातीएवढंच पाणी असतं. तरी मी आधी चिव्याची लांब काठी घेऊन सगळा भाग पावलापावलाने चाचपून आले. पंचवीस-तीस पावलांच्या त्या पट्ट्यात मला चार फुटक्या बाटल्या सापडल्या. दोन तर गाळात उभ्या, काचेचं टोक वर. आधी हे नव्हतं. गार्डन झाल्यापासून रात्री गाड्या येतात, कट्ट्यावर बसतात आणि बाटल्या पाण्यात भिरकावतात. ज्या जागेला पिढ्यान् पिढ्या लोक पायातलं काढून जात होते, तिथे अनवाणी उतरणाऱ्या मुलाच्या तळव्यासाठी काच टाकून जायचं, हे मला समजूच शकत नाही. भावाने त्या दिवशी दुपारी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. रात्री आठनंतर फाटक बंद ठेवायचं असं आता ठरतं आहे.

काठावर परत आले तर आई नारळांचा ढीग लावून बसली होती.

असोले नारळ, सोडण म्हणजे वरची जाड साल न काढलेले. तिने घरून भावाच्या मोटारसायकलवरून आणवले होते, मला न सांगता. एकेक उचलून ती कानाशी धरून हलवत होती. भाची शेजारी उकिडवी बसून तेच करत होती.

"पाणी वाजता? मगे नको. सुको होयो. सुको हलको."

मग तिने कोयत्याच्या टोकाने एका नारळाच्या सोडणाची एक पट्टी देठाकडून सोडवली. पूर्ण नाही, खालच्या बाजूने नारळाला धरून राहील अशी. दुसऱ्याचीही तशीच. दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून, ओल्या करून, पायाच्या अंगठ्यात धरून तिने गाठ मारली. मी पाहत राहिले. दोन नारळांची जोडी, मधे सोडणाचा आखूड दोर. पोटाखाली तो दोर घ्यायचा आणि नारळ दोन काखांच्या बाहेर तरंगतात. कोकणातली पोरं रबरी ट्यूब यायच्या आधी अशीच शिकली. पण मी ही गाठ कधी कुणाला मारताना पाहिली नव्हती, आणि आईचे हात ती अशा वेगाने मारत होते की जणू काल सोडलेलं काम पुढे चालू केलं.

"आई, तुला हे कुठून येतं?"

"भावांका मीच बांधून देय होतंय. मे महिनो इलो काय चार जोडी. गाठ सुटली तर पोर बुडात, म्हणान आये माझ्याच हातची गाठ धरी."

"आणि तुला?"

"माका कोण बांधतलो?"

तिने भाचीच्या पोटाखालून दोर घेतला, ओढून पाहिला, दोनदा. मग तिला पाठीवर थाप मारून म्हणाली, "जा."

भाची सुटली. नारळांनी छाती वर धरली, पाय आपोआप हलायला लागले. तरी मी हातभर अंतरावर होते. नारळ तरंगायला मदत करतात, पण निसटले तर मुलाला काहीच धरायला राहत नाही, म्हणून शिकवणाऱ्याने हात लांब ठेवायचा नाही. समुद्रात मी तिला अशी कधीच शिकवणार नाही. तारकर्लीला मी दोनदा पोहले आहे. खारट पाणी जड, ते शरीराला जास्त उचलून धरतं, तरंगणं तिथे सोपं वाटतं आणि म्हणूनच माणूस फसतो. लाट परतताना जी ओढ लागते ती चांगल्या पोहणाऱ्यालाही आत नेते. अशा वेळी किनाऱ्याकडे झगडत न बसता किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीच्या बाहेर पडायचं असतं, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच सुचत नाही. तळ्याचं गोडं पाणी हलकं, पाय खाली जातात, मेहनत जास्त. पण ते आपल्याशी लबाडी करत नाही. काल होतं तिथेच आज असतं.

अर्ध्या तासाने भाची दमून भावाशेजारी जाऊन बसली. मी आईजवळ गेले. पिशवीतून पंजाबी ड्रेस काढला आणि पायरीवर ठेवला. काही बोलले नाही. मी पुष्कळ वाक्यं जुळवून आणली होती, पण त्या गाठीनंतर एकही वाक्य बोलण्यासारखं उरलं नव्हतं.

आई ड्रेसकडे बघत राहिली. मग भावाला म्हणाली, "तू जरा तकडे तोंड कर." देवळाच्या मागे जाऊन ती तो घालून आली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला साडीशिवाय पाहिलं. साडीत पाण्यात उतरणं धोक्याचं असतं. आधी हवा धरून फुगते, मग पाणी पिऊन पायांना गुंडाळते आणि दगडासारखी जड होते. हे तिला मी समजावलं नाही. कपडे धुतलेल्या बाईला ओल्या साडीचं वजन मी काय सांगणार?

तिसरी पायरी. तिचा काळा दगड. चौथी. गुडघे. तिथे ती थांबली. माझ्या मनगटावरची तिची पकड अजून मला जाणवते. पाचवी पायरी नाहीच, तिथून तळ सुरू होतो. गाळ बोटांमधून वर आला तशी ती "अगो" म्हणाली. कमर. मग छाती. पाणी छातीला लागलं की नवख्या माणसाचा श्वास वर अडकतो, तसा तिचा अडकला. मी तिच्यासमोर उभी राहून माझा श्वास मोठ्याने सोडला. तिनेही सोडला. असे दहा-बारा श्वास झाले असतील. खंड्या दोनदा बुडी मारून गेला.

तिला पाठीवर झोपवायचं तर मला माझ्या शिक्षिकेचे शब्द आठवत होते. खांद्याच्या फऱ्यांमधे तळवा ठेवायचा, दुसरा कंबरेखाली. हनुवटी आकाशाकडे. आणि सगळ्यात अवघड, कान बुडू द्यायचे. माणूस डोकं वर उचलतो म्हणून त्याचे पाय खाली जातात. डोकं पाण्यावर ठेवून दिलं की छातीतली हवा बाकीच्याला वर धरते.

"कान बुडले काय जीव घाबरता गो."

"बुडू देत. मी इथे आहे."

तिने दोनदा डोकं उचललं, दोनदा पाय खाली गेले, एकदा नाकातोंडात पाणी गेलं आणि ती खोकत उभी राहिली. मला वाटलं, आता पुरे म्हणेल. तिने तोंडावरून हात फिरवला, केसांचा सुटलेला अंबाडा परत घट्ट बांधला आणि मागे झुकली.

तिसऱ्यांदा कान बुडले. डोळे मिटलेले, कपाळावर आठ्या. मग आठ्या गेल्या. माझ्या तळव्यांवरचं वजन हळूहळू कमी होत गेलं. मी कंबरेखालचा हात काढला. पाठीखालचा हात ठेवला, पण तो आता तिला नुसता लागत होता, तिचं वजन पाणीच धरून होतं. तिची बोटं माझ्या मनगटावरून सुटली आणि दोन्ही हात आपसूक बाजूला पसरले. पायांची बोटं पाण्यावर आली, पायांतल्या चांदीच्या जोडव्यांसकट. बाबा गेल्यावरही तिने ती काढली नाहीत.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. काठावर भाऊ उभा राहिला होता, दोर हातात तसाच. भाची काहीतरी ओरडत होती, पण आईला ते ऐकू येणं शक्य नव्हतं.

उभी राहिल्यावर ती पहिल्यांदा जे बोलली ते असं, "सगळा गप झाला. माझोच श्वास ऐकाक येय होतो." आणि मग काही पावलं चालून, पायरीला हात लावल्यावर, "काकूक पण असाच ऐकाक इला असतला काय?"

मी उत्तर दिलं नाही. तिने ते माझ्याकडे मागितलंही नव्हतं. आम्ही दोघी पायरीवर बसलो, पाणी निथळत. ऊन बांधावर आलं होतं.

घरी आल्यावर वहिनीने उकड्या तांदळाची पेज आणि फणसाची भाजी वाढली. पोहून आल्यावरची भूक वेगळीच असते. आईने दोन वाट्या पेज घेतली, तिसरी अर्धी, आणि कुणाशी न बोलता जेवली. दुपारी तिचे केस माजघरातल्या खिडकीशी वाळत होते आणि त्यांना तळ्याचा, पाल्याचा वास येत होता. संध्याकाळी शेजारच्या काकी अंगणात आल्या. बातमी अर्थात पोचली होती. "गो, तू म्हणे पाण्यात झोपलंस?" त्यांनी विचारलं. त्या ६८ वर्षांच्या. आईने मान हलवली. काकी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "माका तो ड्रेस होयत काय?" दुसरा ड्रेस पिशवीतच होता.

अंधार पडला तशी भाची उद्यासाठी नारळ मोजायला लागली. तिची जोडी खुंटीला टांगलेली होती. आई माजघरातून बाहेर आली, खळ्यातल्या ढिगाशी बसली आणि नारळ एकेक करून कानाशी धरू लागली. चार बाजूला काढले. कोयत्याने सोडणाची पट्टी सोडवली, भिजवली, अंगठ्यात धरली, गाठ मारली. भाचीने विचारलं, "ही कुणाची गं आजी?" आईने गाठ दोनदा ओढून पाहिली, जोडी स्वतःच्या पोटाशी लावून दोराची लांबी बघितली आणि दुसरी बांधायला घेतली.